पडला नव्हता

मागच्या महिन्यात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका काकूंनी विचारलं होतं, की वॉरंटीतला मिक्सर कंपनी दुरुस्त करून देत नाही, "तुम्हीच खराब केला" म्हणते, तर आता काय करायचं? मी उत्तर लिहायला बसलो. ते एवढं लांबत गेलं की गटावर टाकायची लाज वाटली. संपादकांना दाखवलं तर ते म्हणाले, हे अंकासाठीच दे, आणि घरचा भाग गाळू नकोस. घरचा भागच गाळावासा वाटत होता खरं तर. पण त्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते.

मी मूळचा बोरगावचा. सौंसरच्या अलीकडचं, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं बोरगाव. रेमंडच्या कारखान्यामुळे काहींनी नाव ऐकलं असेल. बाबा तिथल्याच औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात निवृत्त होईपर्यंत फिटर होते. आमच्या भागाची गंमत अशी की राज्य मध्य प्रदेश, घरची बोली मराठी, शाळेच्या फळ्यावर हिंदी, आणि दवाखाना, लग्नाचा बस्ता, टीव्ही-फ्रीज सगळं नागपूरला. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. एरवी याचा रोजच्या जगण्यात काही फरक पडत नाही. या प्रकरणात पडला, तो पुढे सांगतो.

कोरोनात ऑफिस घरी आलं आणि मीही घरी आलो. आई-बाबा, दादा-वहिनी, पुतण्या आणि मी. पुतण्याची शाळा वहिनीच्या मोबाइलवर चालायची. त्या पाच इंचाच्या पडद्यावर त्याला गणित दिसायचं नाही, म्हणून २०२१ च्या दिवाळीत मी नागपूरला सीताबर्डीवरून घरासाठी एक लॅपटॉप घेतला. अठ्ठावन्न हजारांचा, एक वर्षाची वॉरंटी. ऑफिसचा लॅपटॉप माझा, हा घरचा, म्हणजे खरं तर पुतण्याचाच. शाळा सुरू झाल्यावरही तो रोज संध्याकाळी त्यावर बसायचा. मी त्याला स्क्रॅचमध्ये छोटे छोटे खेळ बनवायला शिकवत होतो. तेव्हा तो सहावीत होता.

ऑगस्ट २०२२, पोळ्याचा आठवडा. संध्याकाळी त्याने लॅपटॉप उघडला आणि उजव्या बाजूने कडकन आवाज आला. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात पुढची चौकट आणि मागचं झाकण एकमेकांपासून सुटलं होतं. बोट जाईल एवढी फट. स्क्रीन चालू होती, पण झाकण मिटवलं की ती फट आणखी रुंदावायची. मी म्हटलं, असू दे, वॉरंटी आहे. पोळ्याची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे त्या बाजूला जाणंयेणं बंदच. नागपूरचा रस्ता मोकळा होता तरी घरातून निघायला पुढचा सोमवार उजाडला.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटासुलटा केला, जॉबशीट फाडली, "दो दिन में कॉल आएगा सर" म्हणाला. दोन दिवसांनी फोन आला. फिजिकल डॅमेज आहे, लॅपटॉप पडलेला आहे, वॉरंटीत बसत नाही. चौदा हजार आठशे भरा नाहीतर घेऊन जा.

मी विचारलं, पडलाय हे कशावरून?

"सर, बिना गिरे हिंज नहीं टूटता."

हे वाक्य त्याने इतक्या सहज म्हटलं की मला पटलं. मी बी.ई. झालेला माणूस, रोज आठ तास दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. पण यंत्राबद्दल कुणी ठाम आवाजात सांगितलं की मान डोलावतो. शिवाय मला माझ्या धंद्याची खोड माहीत आहे. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली आणि कारण पटकन सापडलं नाही, की तिकिटावर "यूजर एरर" लिहून ते बंद करता येतं. मीही केली आहेत. त्या पलीकडे एखादं घर असतं असा विचार तोवर कधी केला नव्हता.

लॅपटॉप परत घेऊन घरी आलो आणि पुतण्याला हाक मारली.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाही काका, नाही पडला." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आईकडे बघून म्हणाला, "नाही." तिसऱ्यांदा मी आवाज चढवला नाही, उलट मुद्दाम मऊ केला. म्हटलं, "बघ, रागावणार नाही. खरं सांग. कंपनीवाल्यांनी तपासलं आहे, ते म्हणतात पडलाय." तो थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पडला असन मंग."

दादा दारातच उभा होता. त्याने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पडला म्हणून नाही, आधी खोटं बोलला म्हणून. पोरगं रडलं नाही, जेवलंही नाही. रात्री वहिनीने माझ्या टेबलावर एक पाकीट आणून ठेवलं. आत पाच हजार होते, तिच्या शिलाईचे. "बाकीचे दिवाळीपर्यंत देतो, भाऊजी." मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजेल. प्रश्न पैशांचा नसतो, पण पैसा एकदा टेबलावर आला की त्याच्याकडे न बघता बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहा घेऊन माझ्या खोलीत आले. लॅपटॉप पलंगावर होता. त्यांनी चष्मा लावला.

"हे कोन म्हनलं, पडला म्हनून?"

"सर्व्हिस सेंटरवाले."

"त्यानं पायला का पडतानी?"

मी गप्प.

"पडलेल्या वस्तूले मार कुठं लागते?"

"कोपऱ्याला."

"मंग कोपरा दाखव मले."

चारही कोपरे बघितले. एकावरही ओरखडा नाही, चेप नाही. काच शाबूत. बाबांनी वर्तमानपत्र पसरलं, लॅपटॉप त्यावर आडवा धरला आणि मोबाइलचा टॉर्च त्या फटीत मारला. कागदावर काळ्या प्लॅस्टिकचा बारीक चुरा पडला. मला म्हणाले, आत पाय.

आता इथे थोडं यंत्राचं सांगतो, कारण सगळं भांडण त्याच्यावरच उभं होतं. लॅपटॉपची स्क्रीन तुम्ही जिथे सोडाल तिथे थांबते, मागे पडत नाही. दाराची बिजागरी सैल फिरते, ही मुद्दाम आवळलेली असते. तिच्यात घर्षण ठेवलेलं असतं. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच लॅपटॉपांत ही पोलादी बिजागरी स्क्रीनच्या मागच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला स्क्रूने धरलेली असते. प्लॅस्टिकला आटे टिकत नाहीत, म्हणून त्यात पितळेचे छोटे नट बसवतात आणि स्क्रू त्या नटांत जातात. बिजागरी प्रमाणात आवळलेली असेल तोवर सगळं ठीक. ती जास्त घट्ट असेल किंवा होत गेली, तर प्रत्येक वेळी उघडताना तो सगळा जोर त्या पितळी नटांभोवतीच्या प्लॅस्टिकवर येतो. पोलाद वाकत नाही, पितळ तुटत नाही, तुटतं ते प्लॅस्टिक. आधी केसाएवढी चीर, मग एक नट सुटतो, मग उरलेल्या दोघांवर तिघांचा भार, आणि एक दिवस कडकन आवाज.

फटीतून मला तेच दिसत होतं. तिन्ही स्क्रू बिजागरीला होते. तिन्ही स्क्रूंवर पितळी नट जसेच्या तसे घट्ट बसलेले होते. आणि ज्या प्लॅस्टिकच्या गोल खोबणीत ते नट असायला हवेत, त्या जागी तुटके कडे.

"बोल्टानं आटे नाही सोडले," बाबा म्हणाले. "नट बुडासकट उपटून आला. हे पडून नाही होत. हे रोज ओढून ओढून होते. कब्जा जाम आहे याचा."

सर्व्हिस सेंटरवाला हिंज म्हणत होता, मी बिजागरी, बाबा कब्जा. ज्याने आयुष्यभर त्या गोष्टीला हात लावला होता त्याला दोन मिनिटं लागली.

मी म्हटलं, पण तो तर हो म्हणाला ना, पडला म्हणून?

बाबांनी चहा संपवला. "तीनदा इचारलं तू त्याले," एवढंच म्हणाले आणि उठले.

मला तेव्हा आठवलं की जून महिन्यात पुतण्याने बनवलेल्या खेळाचा मी व्हिडिओ काढला होता. मोबाइलवर शोधला. चाळीस सेकंदांचा आहे. सुरुवातीला तो लॅपटॉप उघडतो. उघडताना लॅपटॉपचा खालचा भाग टेबलावरून वर उचलला जातो, तो डाव्या हाताने दाबून धरतो आणि म्हणतो, "काका, हा लय कडक उघडते." आणि मागून माझा आवाज येतो, हसत: "जोर लाव."

तो व्हिडिओ मी चार-पाच वेळा बघितला. मग खाली गेलो. पुतण्या शाळेला निघाला होता. त्याला सांगितलं, लॅपटॉप पडला नव्हता, तुझ्याकडून काहीच झालं नाही, कंपनीचं चुकलं आणि माझंही चुकलं. त्याने दप्तराचा पट्टा नीट केला आणि म्हणाला, "पन मी हो म्हनलं होतं ना." त्याला आता त्याची काळजी होती. दादाशी मी वेगळं बोललो. तो काही बोलला नाही, पण वहिनीचं पाकीट त्याने स्वतः उचलून नेलं.

इथून पुढे कंपनीशी लढाई. ती सांगताना माझ्यातला इंजिनियर जरा जास्त बोलेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे नकार लेखी मागितला. फोनवर जे सांगतात ते हवेत जातं. ईमेल लिहिला: माझा दावा कोणत्या कारणाने नाकारला, वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली, आणि तपासणीत काढलेले फोटो कुठे आहेत. उत्तर आलं ते छापील साच्याचं, "तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" वगैरे. पुन्हा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं. चौथ्या दिवशी दोन फोटो आले आणि एक ओळ: उत्पादन पडल्यामुळे झालेली भौतिक हानी. फोटोत कुठेही मार लागल्याची खूण नव्हती, होते ते आमचेच तीन पितळी नट. त्यांनी स्वतःच आमचा पुरावा पाठवला होता.

मग मी चारही कोपऱ्यांचे फोटो, नटांचे फोटो, बिल आणि जॉबशीट जोडून सविस्तर पत्र पाठवलं. बिल कुठे होतं विचाराल, तर आमच्याकडे १९९० नंतरची सगळी बिलं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. आईचं खातं ते. पंख्याचं बिल आहे, पंखा नाही.

व्हिडिओ पाठवायचा की नाही यावर माझं एक रात्रभर डोकं चाललं. तो पाठवला तर सिद्ध होतं की बिजागरी दोन महिने आधीपासूनच घट्ट होती. पण त्यात मी "जोर लाव" म्हणतोय. पहिले दहा सेकंद ठेवून आवाज काढून टाकणं मला अवघड नव्हतं. दादा म्हणालाही, आवाज कापून टाक ना. शेवटी जसाच्या तसा पाठवला. पोराला खरं बोल म्हणून तीनदा विचारलं होतं, मग आता स्वतः कापायला हात धजेना.

आणि अपेक्षेप्रमाणे कंपनीने तेच उचललं. पुढच्या उत्तरात पडण्याचा उल्लेखच नाही. आता कारण होतं "वापरकर्त्याने अवाजवी बळ लावले". म्हणून सांगतो, पहिलं कारण लेखी घेऊन ठेवा. कारण ते बदलतं, आणि बदललं की तुमचं काम सोपं होतं. मी दोन्ही उत्तरं एकाखाली एक ठेवून विचारलं: आठवड्यापूर्वी तुमच्या तज्ज्ञाने लॅपटॉप पडला असं ठरवलं होतं, ते खरं की हे खरं? आणि अकरा वर्षांच्या मुलाने लॅपटॉप उघडण्यासाठी लावलेलं बळ अवाजवी असेल, तर वाजवी बळाचा आकडा तुमच्या माहितीपत्रकात कुठे दिला आहे?

याला उत्तर आलं नाही.

माझा एक वर्गमित्र जर्मनीत असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, इथे तुला एवढं सिद्धच करावं लागलं नसतं. युरोपीय संघात विक्रेत्याची कायदेशीर हमी किमान दोन वर्षांची असते, आणि वस्तू मिळाल्यापासून पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरतात. नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. जर्मनीत ही मुदत आधी सहा महिने होती, १ जानेवारी २०२२ पासून वर्षाची झाली. आमचा लॅपटॉप दहाव्या महिन्यात गेला होता. आपल्याकडे असं गृहीतक कायद्यात लिहिलेलं नाही, त्यामुळे ग्राहकाला निदान प्रथमदर्शनी दोष दाखवावा लागतो. पण आपल्याकडेही दार बंद नाही. वस्तूतला दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. काउंटरवरचा मुलगा "बिना गिरे" म्हणाला म्हणून तो शेवटचा शब्द होत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. हिंदीत बोललो, बाई फार नीट बोलल्या. एक लक्षात ठेवा, ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. बरीच प्रकरणं तेवढ्यानेच मिटत असतील. माझ्या बाबतीत कंपनीने "अटींनुसार पात्र नाही" असं कळवलं आणि तक्रार बंद झाली. मी जरा खचलो होतो. चौदा हजार आठशेसाठी मी आतापर्यंत किती तास घातले याचा हिशेब केला असता तर ऑफिसच्या दराने तो आकडा केव्हाच मागे पडला होता.

आता सीमेचा मुद्दा. लॅपटॉप नागपूरला घेतलेला, म्हणजे महाराष्ट्रात. सर्व्हिस सेंटर नागपूरला. राहणं मध्य प्रदेशात. दादाच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, केस नागपूरलाच करावी लागेल, दर तारखेला खेटे घाला. ते जुन्या कायद्याप्रमाणे बोलत होते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, समोरचा पक्ष जिथे असतो किंवा धंदा करतो, किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं, तिथे दावा लावावा लागायचा. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात एक वाक्य वाढलं: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. पांढुर्णा जिल्हा पुढे २०२३ मध्ये झाला, तेव्हा आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातच होतो. म्हणजे वस्तू नागपूरची, केस छिंदवाड्याची. सीमेवर राहणाऱ्या आणि पलीकडे खरेदी करणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी या एका वाक्याची किंमत मोठी आहे. गावाकडच्या कितीतरी जणांना अजून ते माहीत नाही. मी आता भेटेल त्याला सांगतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

बाकीचं थोडक्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. तेव्हा ते ई-दाखिल पोर्टल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. समोरच्या पक्षाला उत्तराला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदत वाढवून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये जुन्या कायद्यातल्या तशाच कलमाबाबत स्पष्ट केलं. हे सगळं आयतं आलेलं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा या देशात ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो यायला बारा वर्षं लागली. २४ डिसेंबर १९८६ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून तो दिवस ग्राहक दिन.

मी नोटीस लिहिली. दीड पान. पहिला मसुदा चार पानांचा होता, बाबांनी वाचून परत दिला. "कोन वाचन एवढं? काय तुटलं, त्यायनं काय म्हनलं, आपल्याले काय पायजे. बस." त्याप्रमाणे केलं. पंधरा दिवसांत वॉरंटीखाली मोफत दुरुस्ती करा, नाहीतर छिंदवाडा जिल्हा आयोगात दुरुस्तीखर्च, त्रास आणि खर्चाची भरपाई मागून तक्रार करतो. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, सर्व्हिस सेंटरला आणि दुकानदाराला, तिघांनाही सौंसरच्या पोस्टातून रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह. पोस्टातले काका पाकिटावरचा पत्ता वाचून म्हणाले, "भांडन आहे का?" मी हो म्हटलं. "मंग पावती सांभाळजो."

पोर्टलवर खातं उघडून तक्रार अर्धी भरूनही ठेवली होती. अकराव्या दिवशी फोन आला. नागपूरचा नाही, मुख्य कार्यालयाचा. आवाजच वेगळा. तुम्ही आमचे मौल्यवान ग्राहक आहात, त्यामुळे अपवाद म्हणून, सद्भावनेपोटी, एकदाच, मोफत दुरुस्ती करून देऊ. फक्त तक्रार नाही, पूर्ण समाधान झालं, असं लिहून द्या.

घरात सगळे खूश. दादा म्हणाला, घे आणि संपव. माझंही मन तेच म्हणत होतं. पण जॉबशीटवर "फिजिकल डॅमेज, पडलेला" ही ओळ तशीच राहणार होती. म्हणजे कंपनीचं म्हणणं असं, की तुमच्या पोराने पाडला तो पाडलाच, पण आम्ही दिलदार आहोत. मी म्हटलं, दुरुस्ती स्वीकारतो, पण ती सद्भावना म्हणून नाही, वॉरंटी म्हणून. जॉबशीटवरचा तो शेरा काढा. मॅडम म्हणाल्या, "सर, उससे क्या फर्क पड़ता है? फ्री तो हो रहा है." मी त्यांना कारण सांगितलं नाही. अकरा वर्षांच्या मुलासाठी, असं म्हटलं असतं तर त्यांना ते हास्यास्पद वाटलं असतं, आणि मलाही सांगताना वाटलं असतं.

आठवडा गेला. दादा माझ्यावर वैतागला. मिळतंय तेही जाईल, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वॉरंटी संपायला पाचेक आठवडे उरले होते. दावा मुदतीत केला असल्याने त्याने फरक पडत नव्हता, पण मनावर ओझं येतंच. मी रोज रात्री ठरवायचो की उद्या हो म्हणून टाकू. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तुझं तू पाय. पण जाताना वर्तमानपत्राची एक पुडी माझ्या टेबलावर ठेवून गेले. उघडली तर त्या दिवशीचा प्लॅस्टिकचा चुरा. त्यांनी तो जपून ठेवला होता.

शेवटी सर्व्हिस सेंटरमधूनच फोन आला, लॅपटॉप घेऊन या, नवी जॉबशीट बनवतो. कुणी ठरवलं, का ठरवलं, कळलं नाही. माफी कुणी मागितली नाही. मागचं झाकण, चौकट आणि दोन्ही बिजागऱ्या बदलल्या. नव्या कागदावर दोषाच्या रकान्यात होतं "हिंज निकामी" आणि शेवटी "वॉरंटीअंतर्गत बदलले". रक्कम शून्य. काउंटरवर तोच मुलगा होता. कागद देताना त्याने हळू आवाजात सांगितलं, "सर, इस मॉडल में बहुत आ रहे हैं." त्याच्यावरचा माझा राग तिथेच गेला. त्याला ठरलेली वाक्यं असतात, मला माझ्या नोकरीत असतात तशी.

नवी बिजागरी बाबांनी एका बोटाने उघडून बघितली. खालचा भाग हलला नाही. "हं," म्हणाले. जॉबशीट आईच्या डब्यात गेली. त्याआधी मी ती पुतण्याला वाचून दाखवली, प्रत्येक शब्द मराठीत सांगून. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "मंग मी खोटं कधी बोललो? पयले का नंतर?"

मी म्हटलं, नंतर. आणि ते मी बोलायला लावलं.

आता तो नववीत आहे. मी बेंगळुरूला परत आलो, लॅपटॉप बोरगावलाच आहे, त्याच्याकडे. दिवाळीत गेलो होतो. तो अजूनही झाकण दोन्ही हातांनी, अगदी मधोमध धरून उघडतो, आणि उघडण्याआधी एकदा माझ्याकडे बघतो.